गॅस खरेच कमी झाला आहे का? आलेखाला विचारा!

फेब्रुवारीतली एक सकाळ डोळ्यांसमोर आणा. कर्जतला लागूनच असलेल्या दहिवलीत औषधांचे एक दुकान आहे असे समजा. दुकानात काचेच्या दाराचा फ्रिज आहे आणि त्यात मधुमेही रुग्णांसाठी इन्शुलिनच्या कुप्या ठेवल्या आहेत. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते. आज मात्र फ्रिजमधला तापमापक १४ अंश दाखवतो आहे! दुकानदार घाईघाईने कुप्या बर्फाच्या पेटीत हलवतात आणि मेकॅनिकला बोलावतात. मेकॅनिक येतो, फ्रिजच्या पाठीमागे वाकून पाहतो आणि म्हणतो, "काका, गॅस कमी झालाय. भरून देतो."

हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी ऐकले असेल. पण मेकॅनिकला हे कळले कसे? फ्रिज थंड न होण्याची कारणे अनेक असतात. ताप आला की डॉक्टर लगेच इंजेक्शन टोचत नाहीत. आधी नाडी पाहतात, तापमान मोजतात. फ्रिजचीही अशीच तपासणी करता येते. त्यासाठी हवेत दोन दाबमापक, एक तापमापक आणि एक आलेख. या आलेखाला दाब-एन्थॅल्पी आलेख म्हणतात. नाव अवघड आहे, पण घाबरू नका. तो समजून घ्यायला आपण दहिवलीहून फार लांब जाणार नाही. फक्त बोरघाट चढून येऊ.

दाब आणि उकळणे

दहिवलीत पाणी जवळजवळ १०० अंशांना उकळते. घाट चढून लोणावळ्याला गेलात तर तेच पाणी सुमारे ९८ अंशांना उकळेल, कारण उंचीवर हवेचा दाब कमी असतो. उलट, प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. थोडक्यात, दाब बदलला की उत्कलनबिंदू बदलतो. सगळी फ्रिजविद्या या एका वाक्यावर उभी आहे.

फ्रिजच्या नळ्यांमध्ये फिरणाऱ्या पदार्थाला पुस्तकात प्रशीतक म्हणतात. मेकॅनिक त्याला नुसते 'गॅस' म्हणतो. आपल्या दुकानातल्या फ्रिजमध्ये आर-१३४ए नावाचा प्रशीतक आहे असे धरू. त्याच्यावर २ बार दाब असेल, म्हणजे वातावरणाच्या साधारण दुप्पट, तर तो उणे १० अंशांना उकळतो. दाब १०.२ बार केला तर तो ४० अंशांना उकळतो आणि त्याच तापमानाला त्याच्या वाफेचे पुन्हा द्रवही होते. म्हणून कमी दाबाच्या नळीत तो फ्रिजच्या आतली उष्णता घेऊन उकळतो, आणि जास्त दाबाच्या नळीत तीच उष्णता दुकानातल्या हवेला देऊन पुन्हा द्रव होतो.

एन्थॅल्पी म्हणजे काय?

एक किलो पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. पण त्या उकळत्या पाण्याची संपूर्ण वाफ करायला आणखी २२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे सातपट! गंमत अशी, की एवढी उष्णता घेऊनही तापमान १०० अंशांवरच राहते. तापमापकाला न दिसणारी ही सुप्त उष्णता. म्हणजे एखाद्या पदार्थात किती उष्णता भरली आहे, हे नुसत्या तापमानावरून कळत नाही. त्यासाठी वेगळा हिशोब ठेवावा लागतो, आणि त्या हिशोबाच्या आकड्याला एन्थॅल्पी म्हणतात. गावांची उंची जशी समुद्रसपाटीपासून मोजतात, तशी एन्थॅल्पीही एका ठरवलेल्या पातळीपासून मोजतात. आपण वापरणार आहोत त्या आलेखात शून्य अंशाच्या द्रव आर-१३४ए ला किलोमागे २०० किलोज्यूल एन्थॅल्पी मानली आहे.

एन्थॅल्पीला आलेखाच्या अक्षावर बसवण्याची युक्ती जर्मनीतील ड्रेस्डेन येथील प्राध्यापक रिचर्ड मोलिए यांची. असा त्यांचा पहिला आलेख १९०४ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९२३ साली लॉस अँजेलिस येथील परिषदेत ठरले, की एन्थॅल्पीचा अक्ष असलेल्या आलेखांना मोलिए यांचेच नाव द्यायचे. मोलिए यांचा जन्म १८६३ सालचा. त्याच वर्षी आपल्या बोरघाटातून रेल्वे सुरू झाली! हा निव्वळ योगायोग. पण आलेख समजायला बोरघाटाचाच उपयोग होणार आहे.

घाटाची फेरी

आता वही उघडा. आडव्या अक्षावर एन्थॅल्पी घ्या, उभ्या अक्षावर दाब. खऱ्या आलेखात दाबाची मापनश्रेणी निराळी असते; १ ते २ बार हे अंतर जेवढे, तेवढेच २ ते ४ आणि ४ ते ८ बार. मध्यभागी घुमटासारखी एक वक्ररेषा असते. घुमटाच्या डावीकडे निव्वळ द्रव, उजवीकडे निव्वळ वाफ आणि घुमटाच्या आत दोघांचे मिश्रण. आता चार बिंदू मांडा.

अ : एन्थॅल्पी ३९३, दाब २ बार
ब : एन्थॅल्पी ४२६, दाब १०.२ बार
क : एन्थॅल्पी २५६, दाब १०.२ बार
ड : एन्थॅल्पी २५६, दाब २ बार

बिंदू क्रमाने जोडा. प्रशीतक याच वाटेने फेऱ्या घालतो. दाब म्हणजे घाटाची उंची आणि एन्थॅल्पी म्हणजे डब्यात भरलेला माल, असे समजा.

'अ' हे घाटाच्या पायथ्याचे कर्जत. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक जड गाड्यांना इथे मागून ढकलायला जादा इंजिने जोडतात, हे कर्जतकरांना सांगायला नको. आपल्या गाडीला ढकलणारे इंजिन म्हणजे कॉम्प्रेसर. तो वाफेला दाबून 'ब' पर्यंत चढवतो. ढकलताना केलेले कामही मालात जमा होते, म्हणून रेषा वर जाताना उजवीकडे कलते. 'ब' ते 'क' हा घाटमाथा. इथे कंडेन्सरच्या जाळीत माल उतरतो, म्हणजे उष्णता बाहेरच्या हवेत जाते आणि वाफेचा द्रव होतो. 'क' ते 'ड' हा सरळ उतार. केसासारख्या बारीक छिद्राच्या कॅपिलरी नळीतून जाताना द्रवाचा दाब एकदम पडतो. या वाटेवर माल चढत नाही की उतरत नाही, म्हणून रेषा अगदी उभी. मात्र 'ड' ला पोचेपर्यंत सुमारे एक तृतीयांश द्रवाची वाफ झालेली असते. शेवटी 'ड' ते 'अ' हा पायथ्याचा सपाट रस्ता. इथे कूलिंग कॉइलमध्ये उरलेला द्रव उकळतो आणि फ्रिजमधली उष्णता डब्यांत भरून घेतो.

आता नुसत्या वजाबाकीने बघा काय काय कळते! फ्रिजमधून उचललेली उष्णता ३९३ − २५६ = १३७. कॉम्प्रेसरने केलेले काम ४२६ − ३९३ = ३३. बाहेर टाकलेली उष्णता ४२६ − २५६ = १७०. आणि १३७ + ३३ = १७०; हिशोब चोख! एक भाग काम करून चार भागांहून थोडी अधिक उष्णता उचलली. खऱ्या यंत्रात घर्षणामुळे हा आकडा कमी भरतो, पण तुलनेसाठी हा हिशोब पुरेसा आहे.

धुळीची किंमत

समजा, मे महिन्याचा उकाडा आहे आणि कंडेन्सरच्या जाळीवर धुळीचा थर साचला आहे. उष्णता बाहेर पडेना, म्हणून प्रशीतक ४० ऐवजी ५५ अंशांना द्रव होऊ लागतो. त्यासाठी दाब चढतो सुमारे १४.९ बारपर्यंत. घाटमाथा उंच झाला! आता 'ब' ची एन्थॅल्पी सुमारे ४३५ आणि 'क' ची सुमारे २७९. पायथ्याचा दाब तोच धरला तर उचललेली उष्णता ३९३ − २७९ = ११४, आणि काम ४३५ − ३९३ = ४२. म्हणजे थंडावा कमी आणि विजेचे बिल जास्त. चाराच्या वर असलेले गुणोत्तर २.७ वर आले. इथे औषध कोणते? गॅस नव्हे, ब्रश! जाळी साफ केली की काम झाले.

सारखी लक्षणे, वेगळे आजार

आता आपल्या फेब्रुवारीतल्या दुकानात परत येऊ. हवा २८ अंश आहे. मेकॅनिकने कमी दाबाच्या बाजूला गेज जोडला, काटा ०.३ बारवर. इथे एक फसवी जागा आहे. गेजचा शून्य म्हणजे वातावरणाचा दाब. आलेखातला शून्य म्हणजे खरोखरचा शून्य. म्हणून गेजच्या आकड्यात १ मिळवायचा. खरा दाब १.३ बार, आणि आलेख सांगतो, की या दाबाला प्रशीतक उणे २० अंशांना उकळतो. मेकॅनिकने कूलिंग कॉइलमधून बाहेर येणाऱ्या नळीला तापमापक लावला : ५ अंश. म्हणजे वाफ झाल्यावर ती आणखी २५ अंश तापली. याला मेकॅनिक सुपरहीट म्हणतात. एरवी ती थोडेच अंश असते. एवढी वाढली याचा अर्थ कॉइलमध्ये फारच थोडा द्रव पोचतो आहे. तो लवकर उकळून संपतो आणि उरलेली कॉइल नुसतीच वाफ तापवत बसते.

"मग गॅस कमीच ना?" असे तुम्ही म्हणाल. थांबा! कॅपिलरी नळी कचऱ्याने किंवा गोठलेल्या ओलाव्याने तुंबली तरीही कॉइलला द्रव कमीच पोचतो. दाब तितकाच पडतो, सुपरहीट तितकीच वाढते. घाट ओस पडला आहे, पण गाड्याच नाहीत म्हणून, की उतारावर दरड कोसळली म्हणून? हे पायथ्याशी उभे राहून कळणार नाही. त्यासाठी माथ्यावर जाऊन पाहायला हवे.

म्हणून दुसरा गेज जास्त दाबाच्या बाजूला लावायचा आणि कंडेन्सरमधून बाहेर येणाऱ्या नळीचे तापमान मोजायचे. समजा, गेज ७.९ दाखवतो. खरा दाब ८.९ बार, म्हणजे द्रव होण्याचे तापमान ३५ अंश. नळीही ३५ अंशांचीच आहे. 'क' बिंदू घुमटाच्या काठावरच अडकला. द्रव साठलेलाच नाही. इथे गॅस खरोखर कमी आहे.

पण समजा, गेज ९.२ दाखवतो. खरा दाब १०.२ बार, द्रव होण्याचे तापमान ४० अंश आणि नळी मात्र ३१ अंशांची. म्हणजे द्रव झाल्यावरही तो ९ अंश निवाला. याला सबकूलिंग म्हणतात. 'क' बिंदू घुमट सोडून डावीकडे सरकला. कंडेन्सरमध्ये भरपूर द्रव तुंबून निवत पडला आहे; त्याला खाली उतरायला वाट नाही. दरड कोसळली आहे! अशा फ्रिजमध्ये आणखी गॅस भरला तर काय होईल? तोही माथ्यावरच साठेल, दाब चढेल, कॉम्प्रेसर तापेल आणि कदाचित जळेलही. दुकानदाराचे पैसे गेले, इन्शुलिनची चिंता कायम.

पहिल्या प्रसंगातही नुसता गॅस भरून भागत नाही. नळ्या बंद असतात. गॅस 'संपत' नाही, तो गळतो. गळती शोधून बुजवली नाही तर भरलेला गॅस पुन्हा हवेत जातो. आर-१३४ए ओझोनच्या थराला इजा करत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक समर्थ आहे. म्हणूनच अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याचा करार २०१६ साली किगाली येथे झाला आणि भारताने त्याला २०२१ साली मान्यता दिली. आजच्या पुष्कळ नव्या घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन वापरतात. तो ज्वालाग्राही आहे आणि त्याचा आलेखही वेगळा आहे. प्रत्येक प्रशीतकाला स्वतःचा घुमट असतो. एकाचा आलेख दुसऱ्याला चालत नाही.

तुम्ही काय कराल?

फ्रिजच्या नळ्यांना किंवा विजेच्या जोडणीला हात लावू नका. ते प्रशिक्षित माणसाचे काम. पण आलेखवही तुमची आहे. वर दिलेली फेरी काढा, तिच्यावर धुळीच्या दिवसाची फेरी वेगळ्या रंगाने काढा आणि कोणती बाजू आखूड झाली, कोणती लांबली ते पाहा.

आणि पुढच्या वेळी घरी कोणी "गॅस कमी झालाय" असे म्हणाले, तर नम्रपणे एवढेच विचारा, "काका, दोन्ही बाजूंचे दाब किती आले? आणि नळ्यांची तापमाने?" ज्याने चारही आकडे मोजले असतील तो मेकॅनिक आनंदाने सांगेल. ज्याने मोजले नसतील तो कदाचित गेज आणायला परत जाईल. दोन्हींत फायदा फ्रिजचाच!