न मागतां दिलेली पोच

आपल्या धामणगांवीं रजिस्टर पत्र येई, तेव्हां पोस्टमन सही घेतल्यावांचून तें हातीं देत नसे. पाठविणारानें पोच मागितली असल्यास त्या सहीचें एक लहानसें कार्ड उलट टपालीं परत जाई. २०२५ सालीं रजिस्टर टपाल स्पीड पोस्टांत विलीन झालें. परंतु त्या कार्डाची आठवण येथें मुद्दाम काढली, कारण त्या व्यवहारांत एक सभ्यता होती. सही करणारास आपण पोच देत आहों हें ठाऊक असे. ई-मेलच्या बाबतींत ही सभ्यता नेहमींच पाळली जाते असें नाहीं.

गेल्या वर्षीं एका विद्यार्थिनीस याचा अनुभव आला. नीट परीक्षेचा अर्ज भरतांना ई-मेलचा पत्ता द्यावाच लागतो. तो तिनें दिला, व पुढें एकदोन शिकवणी-वर्गांच्या सराव परीक्षांसाठींहि दिला. एके रात्रीं अशाच एका वर्गाचें पत्र तिनें अंथरुणांत पडल्यापडल्या उघडलें, वाचलें आणि सोडून दिलें. सकाळीं फोन आला : "काल रात्रीं साडेदहाला आपण आमचें पत्र पाहिलें, मग प्रवेशाचें काय ठरलें?" मुलगी घाबरली. कोणी आपल्यावर नजर ठेवून आहे अशी तिची समजूत झाली, आणि दोन दिवस तिनें फोन कपाटांत बंद करून ठेवला. अभ्यास बुडाला तो वेगळाच.

नजर कोणाची नव्हती. होतें तें एक चित्र. रे टॉमलिन्सन यांनीं १९७१ सालीं पहिलें ई-मेल पाठविलें, त्या काळीं पत्रांत निव्वळ अक्षरें असत. १९९२ सालीं 'माईम' नांवाचे नियम ठरले, आणि चित्रें व निरनिराळ्या प्रकारचा मजकूर पत्रांतून जाऊं लागला. आतां पत्रांतील चित्र दोन प्रकारचें असूं शकतें. एक, पत्राबरोबरच आलेलें. दुसरें, पाठविणाराच्याच यंत्रावर राहिलेलें. पत्रांत त्याचा फक्त ठावठिकाणा लिहिलेला असतो. या दुसऱ्या प्रकारास 'रिमोट कंटेंट' म्हणतात. पत्र उघडतांच आपला फोन तें चित्र आणावयास धांवतो, आणि मागणी करतांना आपला आय.पी. पत्ता, वेळ व कोणत्या साधनावर पत्र उघडलें हेंहि सांगून बसतो. प्रत्येकाच्या पत्रांत चित्राचें नांव निराळें ठेवलें, कीं कोणीं पत्र उघडलें तें कळलेंच ! चित्र पुष्कळदां एका ठिपक्याएवढेंच व कागदाच्याच रंगाचें असतें. डोळ्यांस दिसावें हा त्याचा उद्देशच नसतो. आय.पी. पत्त्यावरून घर सांपडतें असें मात्र कोणीं समजूं नये. तो कधीं गांवापर्यंत, कधीं नुसता नागपूर किंवा मुंबईपर्यंतच नेतो.

उपाय सोपा आहे : विचारल्यावांचून चित्रें आणूं नयेत, असें सांगून ठेवावें. अडचण येते ती खातीं अनेक असल्यामुळें. या मुलीचीं तीन होतीं : एक स्वतःचें, एक वर्गाच्या कामासाठीं काढलेलें, व तिसरें शिष्यवृत्तीच्या अर्जासाठीं काढलेलें, जें वडिलांच्या फोनवर उघडतें. एका ठिकाणीं कळ दाबली म्हणजे तिन्हीकडे बंदोबस्त झाला, असें तिला वाटलें. पुष्कळ मोठ्या माणसांसहि तसेंच वाटतें.

जीमेलमध्यें ही निवड प्रत्येक खात्यास स्वतंत्र आहे. सेटिंग्जमध्यें त्या त्या खात्याखालीं 'इमेजेस' शोधावें व 'आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस' हा पर्याय निवडावा. संगणकावर हें केल्यास तळाशीं 'सेव्ह चेंजेस' दाबण्यास विसरूं नये. (मी स्वतः विसरलों होतों, आणि आठवडाभर निर्धास्त होतों.) डिसेंबर २०१३ पासून जीमेल चित्रें स्वतःच्या यंत्रामार्फत आणून दाखवितें. त्यामुळें आय.पी. पत्ता झांकला जातो, परंतु पत्र उघडल्याची वेळ कळूं शकते. साडेदहाचें गूढ तें हेंच. थंडरबर्डची गोष्ट उलट आहे. तेथें एकच निवड सर्व खात्यांस लागू पडते, व मुळांतच चित्रें अडविलेलीं असतात. ॲपलच्या मेलमध्यें २०२१ पासून 'प्रोटेक्ट मेल ॲक्टिव्हिटी' अशी सोय आहे : पत्र वाचा वा न वाचा, चित्रें आडमार्गानें आधींच आणलीं जातात, म्हणून पाठविणारास खरें वाचन ओळखतां येत नाहीं. हीहि त्या ॲपमधील सर्व खात्यांस पुरते. पण त्याच आयफोनवर जीमेलच्या ॲपमधून पत्र उघडलें, तर तिचा उपयोग नाहीं.

ओळखीच्या पाठविणारास कायमची परवानगी देण्याची सोय असते. ती फार उदारपणें देऊं नये, कारण पत्रावरील नांव खोटें घालतां येतें. चित्रें न आल्यानें बँकेचें किंवा परीक्षामंडळाचें पत्र उघडेंबोडकें दिसतें, एवढेंच. मजकूर शाबूत राहतो, आणि एखादें चित्र हवेंच असेल तर त्या पत्रापुरतें तें मागवितां येतें. पत्रांतील दुव्यावर बोट ठेवलें, तर मात्र या सगळ्या बंदोबस्ताचा कांहीं उपयोग नाहीं. तो दुवाहि चित्रासारखाच प्रत्येकासाठीं निराळा असूं शकतो.

एका शनिवारीं शाळा सुटल्यावर आम्हीं तिचीं दोन खातीं नीट करून घेतलीं. तिसऱ्यासाठीं वडिलांचा फोन पाहिजे. कापसाच्या हंगामांत ते दिवसभर घरीं नसतात, म्हणून रात्रीं आपण स्वतःच तें करीन असें तिनें सांगितलें, व कोठें काय दाबावयाचें तें वहीच्या मागल्या पानावर उतरून नेलें.