अवघड विद्यार्थी आणि रुग्णवाहिकेचे शिक्षण

हृदय थांबले की मेंदूचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि साधारणतः चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते. तातडीच्या वैद्यकीय सेवेचे शिक्षण प्रामुख्याने अशा मोजक्या मिनिटांसाठी असते. इतर शाळांत एखादा विद्यार्थी त्रासदायक निघाला तर फार तर वर्ग बिघडतो, आणि नुकसान बहुधा त्याचे स्वतःचेच होते. येथे मात्र नुकसान सोसणारा माणूस वर्गात हजर नसतो. तो पुढे केव्हातरी, एखाद्या जिन्याच्या तळाशी किंवा महामार्गाच्या कडेला, याच विद्यार्थ्याची वाट पाहत पडलेला असणार आहे. म्हणून अवघड विद्यार्थ्याशी वागताना शिक्षकाला दोघांचा विचार करावा लागतो आणि त्यांपैकी एकाला त्याने कधीच पाहिलेले नसते.

रुग्णाजवळ पोचताच हात चालवू नयेत, आधी जागा सुरक्षित आहे ना ते पाहावे, मग रुग्ण तपासावा, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो. नवलाची गोष्ट अशी की, विद्यार्थ्याच्या बाबतीत शिक्षक हाच नियम विसरतात. ‘हा आळशी आहे’, ‘हा उद्धट आहे’ अशी निदाने तपासणीपूर्वीच होऊन जातात. बेंजामिन ब्लूम यांनी संपादित केलेल्या १९५६ सालच्या ग्रंथापासून शिक्षणाचे ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती असे तीन प्रांत मानण्याची पद्धत रूढ झाली. हे वर्गीकरण काहीसे पुस्तकी आहे खरे. परंतु अडचण नेमकी कोणत्या प्रांतातली, हा प्रश्न विचारण्यापुरते ते फार उपयोगी पडते.

छातीदाबाचेच उदाहरण घ्या. प्रौढ रुग्णाची छाती किमान ५ सेंटिमीटर, पण ६ सेंटिमीटरांहून अधिक नाही इतकी, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबली गेली पाहिजे आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ दिली पाहिजे. सरावाच्या पुतळ्यावर एखाद्या मुलीचे दाब सतत उथळ पडतात. शिक्षक तिला ‘मन लावून कर’ म्हणतात, दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात म्हणतात, आणि तिसऱ्या दिवशी ती तोंड फिरवून उभी राहते. वस्तुतः ती उंचीने लहान आहे, पुतळा उंच खाटेवर आहे, तिचे खांदे तळहातांच्या सरळ वर येतच नाहीत आणि कोपरे वाकतात. पायाखाली एक चौरंग दिला की वृत्तीचा म्हणून गाजलेला प्रश्न दहा मिनिटांत मिटतो. आपल्या देशात याच जातीची दुसरी अडचण भाषेची आहे. २००५ साली हैदराबादेत ‘१०८’ सेवा सुरू झाली आणि पुढे ती अनेक राज्यांत पसरली. त्यामुळे मातृभाषेतून शिकलेली हजारो मुले या व्यवसायात आली, पण पाठ्यपुस्तके बहुतेक इंग्रजीच राहिली. वर्गात गप्प बसणारा विद्यार्थी पुष्कळदा गर्विष्ठ ठरतो. त्याला एकदा त्याच्या बोलीत, कागद न पाहता, बुडालेल्या मुलाला पाण्याबाहेर काढल्यावर काय काय करशील ते सांगायला लावावे. उत्तर ऐकून कित्येकदा शिक्षकालाच आपले मत बदलावे लागते.

खरी कसोटी लागते ती वादी विद्यार्थ्यापाशी. तो बहुधा वयाने मोठा असतो, काही वर्षे रुग्णवाहिका चालवून आलेला असतो आणि प्रत्येक धड्याला त्याचे एकच उत्तर असते: ‘सर, रस्त्यावर असं होत नाही.’ अशा माणसाला वर्गासमोर गप्प करणे सोपे असते; पण तसे केल्यास तो पुढे रस्त्यावर आपल्याच पद्धतीने वागेल, आणि तेथे त्याला अडवणारा कोणी नसेल. शिवाय तो काही वेळा बरोबर असतो. आधी श्वासमार्ग, मग श्वास आणि शेवटी रक्ताभिसरण, हा क्रम ज्याने जुन्या शिबिरात घोटून पाठ केला, त्याला २०१० साली अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने छातीदाब आधी आणला, हे नुसते ‘नियम बदलला’ म्हणून सांगितले तर तो का मानावा? प्रौढाचे हृदय अचानक थांबले असता पहिली काही मिनिटे रक्तात प्राणवायू शिल्लक असतो, तो मेंदूपर्यंत पोचवणे हे पहिले काम, आणि श्वासमार्ग उघडण्याच्या खटपटीत तेच लांबत होते, हे कारण सांगितले की वादी माणूस प्रायः ऐकतो. ‘तुम्ही इतकी वर्षे केलेत ते चूक नव्हते, तेव्हा तसेच शिकवत होते,’ एवढे वाक्य म्हणायला शिक्षकाचे काही जात नाही.

तो जुना क्रम लोकप्रिय करणाऱ्या डॉ. पीटर सफार यांचेच या विषयातील एक काम आवर्जून सांगण्याजोगे आहे. १९६६ साली त्यांची लहान मुलगी दम्याच्या विकाराने दगावली. पुढल्याच वर्षी अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात त्यांनी फ्रीडम हाउस या रुग्णवाहिका सेवेच्या उभारणीत पुढाकार घेतला. त्या शहरात तोवर आजाऱ्याला पुष्कळदा पोलिसांच्या गाडीतून नेत असत. सेवेसाठी निवडलेले लोक हिल डिस्ट्रिक्ट या गरीब वस्तीतील कृष्णवर्णीय होते. त्यांतील अनेकांचे शालेय शिक्षण अपुरे होते, आणि हे लोक नोकरीस लायकच नाहीत, असे उघड म्हटले जाई. सफार यांनी त्यांच्यासाठी अभ्यास सोपा केला नाही. उलट सुमारे ३०० तासांचा, त्या काळी अपूर्व असा अभ्यासक्रम आखला. पुढे सेवेच्या वैद्यकीय प्रमुख झालेल्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी या अनुभवातून देशभरासाठी पाठ्यक्रम लिहिला. १९७५ साली शहराने स्वतःची सेवा काढली, तेव्हा फ्रीडम हाउस बंद पडले आणि नव्या व्यवस्थेत त्यांतील बऱ्याच जणांचा निभाव लागू दिला गेला नाही. ज्यांना एका शिक्षकाने घडवले, त्यांनाच दुसऱ्या व्यवस्थेने पुन्हा नालायक ठरवले.

असे असले तरी प्रत्येक विद्यार्थी उत्तीर्ण व्हावाच, असा याचा अर्थ नव्हे. उणीव एकांतात सांगावी, पण सांगावीच. ‘तू निष्काळजी आहेस’ असे म्हणू नये. ‘मंगळवारी प्राणवायूची नळकांडी न तपासता तू गाडीत बसलास’ असे म्हणावे. ते तारखेसह लिहून ठेवावे, सुधारण्यास मुदत द्यावी आणि मुदत संपल्यावर पुन्हा पाहावे. दयेपोटी दिलेले गुण पुढे कोणीतरी फेडतो.

एका गोष्टीला मात्र मी कधी मुदत दिली नाही. एका विद्यार्थ्याने रुग्णाच्या कागदावर रक्तदाब १२०/८० लिहिला होता. पट्टा पेटीत जसाच्या तसा गुंडाळलेला होता. मुलगा हुशार होता, लेखी परीक्षेत वर्गात पहिला. गर्दी होती, आवाज ऐकू येईना, असे तो म्हणाला, आणि ते खरेही असावे. आवाज ऐकू येत नसेल तर मनगटावर नाडी धरून वरचा आकडा काढता येतो. तेही जमले नाही तर ‘घेता आला नाही’ असे लिहिता येते. मी त्याला त्या दिवसापासून गाडीवरून उतरवले. दोन महिने तो केंद्रात बसून इतरांच्या नोंदी तपासत होता. तिसऱ्या महिन्यात त्याने पुन्हा गाडी मागितली. मी त्याच्या हाती पट्टा दिला आणि रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात बसलेल्या वीस लोकांचे रक्तदाब घेऊन यायला सांगितले. तो अठरा आकडे घेऊन आला. उरलेल्या दोन नावांपुढे त्याने ‘ऐकू आला नाही’ असे लिहिले होते.