लहानग्यासह मालवणात महिनाभर : वाडी कोणती निवडावी?

मालवणात चार दिवस राहणाऱ्याला समुद्र दिसणारी खोली पुरते. महिना-दीड महिना राहणाऱ्याला, त्यातही तीन-चार वर्षांच्या मुलासह राहणाऱ्याला, वाडी निवडावी लागते. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरून काम करण्याची मुभा मिळालेली मुंबई-पुण्याची काही कुटुंबे, तात्पुरत्या नेमणुकीवर आलेले अधिकारी, गावचे घर दुरुस्तीला काढलेले चाकरमानी अशा अनेकांपुढे हा प्रश्न येतो. मूल एकदा पहिलीत गेले की एवढी रजा शाळा देत नाही. त्यामुळे असा मुक्काम बहुधा बालवाडीच्या वयातच घडतो आणि नेमके हेच वय जागेच्या बाबतीत सर्वांत नाजूक असते.

मालवणला नगरपालिका असली तरी वस्तीची घडण पेठा आणि वाड्यांची आहे. मध्ये बंदर व बाजारपेठ. उत्तरेला मेढा, राजकोट, धुरीवाडा, चिवला, रेवतळे आणि खाडीपलीकडे कोळंब. दक्षिणेला दांडी व वायरी. तेथून पुढे रस्ता तारकर्ली-देवबागकडे जातो. समुद्राकडे पाठ केली की भरड आणि देऊळवाडा. कोकणात भरड म्हणजे जांभ्याची उंचवट्याची जमीन. नावातच जागेचे वर्णन आले. या वाड्यांत अंतर फारसे नाही, पण लहान मुलाच्या दिवसाच्या दृष्टीने त्यांत बराच फरक पडतो.

पर्यटकांच्या यादीत पहिले नाव देवबागचे असते. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीचे पात्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. दृश्य अप्रतिम आहे, यात शंका नाही. मात्र दोन्हीकडे पाणी, ये-जा करायला एकच अरुंद रस्ता, आणि त्यावर सुटीच्या दिवसांत बाहेरगावच्या मोटारींची रांग. मालवणचा बाजार व दवाखाना दहा-बारा किलोमीटरवर राहतो. रात्री दोन वाजता मुलाला ताप चढला तर हे अंतर नकाशावरून कळते त्यापेक्षा मोठे भासते. तारकर्ली त्यामानाने जवळ, सहा-सात किलोमीटरवर. पण तेथेही किनाऱ्यालगतची बरीच घरे आता पर्यटकांसाठी चालवली जातात. शेजार दर दोन दिवसांनी बदलतो आणि मुलाला खेळगडी मिळत नाही.

दांडी आणि वायरी या भागात मच्छीमार समाजाची जुनी वस्ती आहे, समोर सिंधुदुर्ग किल्ला आहे, आणि रापणीची जाळी ओढताना पाहणे हा मुलांच्या दृष्टीने दिवसभराचा कार्यक्रम होतो. पण समुद्र शांत दिसतो म्हणून तो उथळ आहे असे धरून चालणे येथे महागात पडलेले आहे. एप्रिल २०१७ मध्ये वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडून मरण पावले. ती सारी मोठी माणसे होती. दार उघडताच वाळू लागावी अशा घरात तीन वर्षांचे मूल असेल, तर घरातील एका माणसाला सतत दारावर नजर ठेवावी लागते. सुटीच्या चार दिवसांत हे जमते, महिनाभर जमत नाही.

मेढा आणि राजकोट ही ठिकाणे बंदराला लागून असल्याने सोयीची आहेत. मात्र किनारा खडकाळ आहे आणि राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला शिवपुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळल्यानंतर तेथे २०२५ मध्ये नवा पुतळा उभा राहिला. त्या निमित्ताने वाढलेली वर्दळ अरुंद गल्ल्यांना पेलणारी नाही. बाजारपेठेत तर घराचा उंबरा थेट रस्त्यावर येतो.

उरतात धुरीवाडा-चिवला आणि देऊळवाडा-भरड. चिवल्याचा किनारा अर्धचंद्राकृती आहे. सागरी जलतरण स्पर्धा येथे भरतात. मुलाला घेऊन बसण्यासाठी तो मालवणातला सर्वांत सोयीचा किनारा म्हणता येईल, मात्र त्यासाठी भरती-ओहोटीचे गणित घरात कोणाला तरी यायला हवे. किनाऱ्यावरचे लोक ते तिथीवरून करतात. तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे सप्तमी ते दशमीच्या संध्याकाळी पाणी किनाऱ्याला भिडलेले असते, जरी ती भांगाची भरती असल्याने फार चढत नाही. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या संध्याकाळी समुद्र लांब हटतो, रुंद ओली वाळू मोकळी होते आणि खडकांच्या खळग्यांत खेकडे, शंख दिसू लागतात. मुलांना यापेक्षा चांगली शाळा नाही. पण ही उधाणाची ओहोटी असते. पुढची भरती तितक्याच जोराने येते आणि पायाखालचे खडक बघता बघता बुडतात. पाणी परतू लागले की मुलाला वाळूवर आणलेले बरे. दिनदर्शिका भिंतीवर असली की दर संध्याकाळी कोणाला विचारावे लागत नाही.

धुरीवाड्यातही घर किनाऱ्यालगतच्या रांगेत न घेता चार-दोन गल्ल्या आत घ्यावे. मूल स्वतःच्या पायांनी कुरकुर न करता जाईल एवढ्या अंतरावर समुद्र असला की पुरे. देऊळवाड्यातून समुद्र थोडा लांब पडतो, पण रामेश्वर-नारायणाच्या देवळांचा परिसर, बारमाही राहणारी कुटुंबे आणि आजी-आजोबा असलेली घरे ही तेथील जमेची बाजू आहे. पहिल्या आठवड्यातच मूल कोणाच्या तरी खळ्यात जाऊन बसते आणि दुसऱ्या आठवड्यात घरी ‘खंय’ आणि ‘कित्याक’ विचारू लागते.

खळे, म्हणजे घरापुढचे सारवलेले वा फरशीचे अंगण, ही घर पाहताना खोल्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट मानावी. त्यासोबत विहीर पाहावी. मालवणात बहुतेक जुन्या आवारांत विहीर असते आणि तिचा कठडा काही ठिकाणी मुलाच्या कमरेइतकाच असतो. कठडा कमी उंच असेल तर जाळी बसवून मिळेल का, हे भाडे ठरण्यापूर्वी विचारावे. घरमालकिणीला ‘काकी’ म्हणून विचारले तर वाईट वाटण्याचे कारण नाही. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी मे महिन्यात मचूळ होते, त्यामुळे ते चाखूनही पाहावे. अंगणात माड असतील तर नारळ केव्हा पाडले याची चौकशी करावी. मूल माडाखाली खेळणार असेल तर सुकलेली झाप आणि पिकलेला नारळ यांना वाऱ्याचे निमित्त पुरते. जांभ्याच्या दगडांचा गडगा दिसायला देखणा, पण त्याच्या फटींत फुरसे आणि विंचू राहतात. रचून ठेवलेले चिरे आणि पालापाचोळ्याचे ढीग असलेले आवार मुलासाठी टाळावे.

बालवाडीचे काय, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. खासगी बालवाड्या महिनाभरासाठी प्रवेश देतीलच असे नाही. मात्र वाडीतील अंगणवाडीत विचारायला संकोच वाटू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला केलेले काम मूळ याच विचाराचे होते, की मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली. शहरी पालक तिच्याकडे फक्त खिचडीचे केंद्र म्हणून पाहतात, हे त्यांच्याच मुलांचे नुकसान आहे. सकाळचे दोन-तीन तास गाणी, गोष्टी आणि त्याच वाडीतली दहा-बारा मुले, एवढे मुक्कामापुरते भरपूर झाले.

उपचारांसाठी मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे; जिल्हा रुग्णालय ओरोसला, पस्तीसएक किलोमीटरवर. गंभीर रुग्णांना पूर्वापार गोव्यातील बांबोळीला नेले जाते. ते अंतर शंभर किलोमीटरहून अधिक आहे. लसीकरणाची नोंदवही, मुलाच्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि सापडेल त्या वेळी येऊ शकेल अशा रिक्षावाल्याचा क्रमांक पहिल्याच दिवशी हाताशी ठेवावा. मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत किल्ल्याची होडीसेवा बंद असते आणि पावसाचा जोर मोठा असतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर या पट्ट्यातील वीज अनेक ठिकाणी कित्येक दिवस आली नव्हती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. फक्त आंगणेवाडीच्या जत्रेच्या सुमारास खोल्या मिळत नाहीत, हे लक्षात घेऊन तारखा ठरवाव्यात.

घर पाहायला शक्यतो संध्याकाळी साडेपाचनंतर जावे आणि मुलाला बरोबर न्यावे. त्या वेळी वाडीत किती मुले बाहेर आहेत, मोटारी कोणत्या वेगाने जातात, अंधार पडल्यावर पाणंदीत दिवा लागतो का, हे दहा मिनिटे उभे राहिल्यावर कळते. दलाल त्यांपैकी काहीच सांगत नाही.