भुसावळची अपडाऊन गाडी

मुंबईचा मामेभाऊ सुट्टीत आला की लोकलच्या गप्पा सुरू! आमची लोकल अशी, आमची लोकल तशी! आणि आपण काय करायचं? ऐकत बसायचं? भुसावळच्या पोरांनी? रेल्वेच्या गप्पांत? छे, छे!

अरे, रोज ये-जा करणाऱ्यांची गाडी आपल्याकडेही आहे की! सकाळी स्टेशनवर बघ. दप्तर पोटाशी धरलेले कॉलेजचे दादा आणि ताई. शाळेत शिकवायला निघालेल्या बाई. जळगावच्या दुकानात कामाला जाणारे काका. "काय भो, आज उशीर?" असं एकमेकांना विचारत सगळे फलाटावर येतात. खिशात महिन्याचा पास! हे सगळे अपडाऊनवाले.

आणि त्यांची गाडी म्हणजे आपली मेमू. भुसावळहून निघते आणि बहुतेक प्रत्येक लहान स्टेशनला थांबत इगतपुरीपर्यंत जाते. लोक तिला साधी गाडी म्हणतात. पण दोस्ता, ती मुळीच साधी नाही! चल, आज तिच्यातून फिरूनच येऊ.

पहिला प्रश्न. मेमूचं इंजिन कुठे असतं?

पुढे? जाऊन बघ. पुढे तर डबा आहे, आणि त्यात माणसं बसली आहेत! मग मागे? मागेही डबाच! मधे? तिथेही नाही!

मेमूला वेगळं इंजिनच नसतं! तिच्या मोटारी काही डब्यांच्या खालीच लपवलेल्या असतात. दर चार डब्यांमागे एक मोटरचा डबा. गाडी आठ डब्यांची असेल तर मोटरचे डबे दोन. बारा डब्यांची असेल तर तीन.

पण असं कशाला केलं असेल? शाळेच्या मैदानावरची आगगाडी आठव. बारा जण एकमेकांचे शर्ट धरून उभे. एकट्या पहिल्या गड्याने सगळ्यांना ओढायचं ठरवलं तर? त्याचे बूट मातीत घसरतात, तोंड लाल होतं, आणि गाडी हळूहळू हलते. आता मधला एक आणि शेवटचा एक असे आणखी दोघं जोर लावू देत. गाडी कशी चटकन सुटते!

लांबच्या एक्सप्रेसला हळूहळू वेग घेतला तरी चालतं. एकदा सुटली की ती खूप वेळ थांबणारच नसते. मेमूचं तसं नाही. भुसावळ सोडलं की भादली आलंच! तिथून सुटली की जळगाव! पुढे शिरसोली, म्हसावद, माहेजी, परधाडे... थांब, सूट, थांब, सूट! सुटण्याची मेहनत तिला किती वेळा करावी लागते बघ! म्हणून तर तिला इतके गडी लागतात.

आता जरा वर बघ. पण फलाटावरच्या पिवळ्या पट्टीच्या मागे उभं राहून हं!

गाडीच्या टपावर घडी होणारा एक सांगाडा दिसतो. तो पेंटोग्राफ. वरच्या तारेला तो खालून टेकलेला असतो आणि गाडीसाठी वीज घेतो. तो ज्या डब्यावर दिसेल तो मोटरचा डबा. ओळखायची सोपी खूण!

त्या तारेत वीज किती असेल? आपल्या घरात 230 व्होल्ट असते. तिथे 25,000 व्होल्ट! घरातल्या विजेच्या शंभर पटींहून जास्त! ही वीज माणसाला पकडायला तारेला हात लागण्याचीही वाट बघत नाही. नुसतं जवळ गेलं तरी ती हवेतून उडी मारते. म्हणून टपावर कधीही चढायचं नाही. त्या तारेत अडकलेला पतंग काढायचा नाही. पतंग दुसरा मिळतो. हे मी अगदी मनापासून सांगते आहे.

आता खरी गंमत. ती तार रुळांच्या बरोबर मधोमध, सरळ रेषेत जात असेल, असं वाटतं ना? नाही! एका खांबापाशी ती मधल्या रेषेच्या वीतभर डावीकडे असते, तर पुढच्या खांबापाशी वीतभर उजवीकडे. अख्ख्या रस्ताभर अशीच, नागमोडी!

कुणी चुकून वाकडी बांधली का? मुळीच नाही, मुद्दाम बांधली आहे! तुझा खोडरबर एकाच जागी घासत राहिलास तर काय होतं? तिथे खाच पडते. पेंटोग्राफच्या वरच्या पट्टीचंही तसंच झालं असतं. तार सरळ असती तर पट्टी एकाच जागी घासली असती आणि तिथेच कापली गेली असती! तार डावी-उजवी सरकते म्हणून सगळी पट्टी सारखी झिजते. दारात उभं न राहता, खिडकीत बसून शेजारच्या रुळांवरची तार बघ. ती डुलत डुलत आपल्यासोबत येते.

जळगाव आलं! अपडाऊनवाले भराभर उतरले. इथून एक वाट अमळनेर, नंदुरबार करत सुरतेला जाते. आपण मात्र पाचोऱ्याकडे जायचं.

शिरसोली मागे पडलं की शेतं लागतात. आता कल्पना कर, मे महिना आहे, दुपारचे दोन वाजलेत. आपल्याकडचं ऊन तुला सांगायला नको! पारा 45 अंशांच्या आसपास. आणि रूळ? ते तर हवेपेक्षाही जास्त तापतात. 60 अंशांच्या पुढे!

तापलं की लोखंड वाढतं. स्वयंपाकघरात स्टीलचे दोन पेले एकमेकांत अडकून बसले की आजी काय करते? बाहेरच्या पेल्यावर गरम पाणी ओतते. तो पेला केसभर फुगतो आणि आतला सुटतो!

पेला केसभर वाढतो. मग रूळ किती वाढत असेल? एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा ठेवला, तर थंडीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत तो अर्ध्या मीटरहून जास्त वाढेल! तुझ्या कंपासपेटीशेजारच्या जवळजवळ दोन फुटपट्ट्या!

मग एवढा वाढलेला रूळ जातो कुठे?

पूर्वी रुळांचे तुकडे छोटे असत. दोन तुकड्यांमध्ये थोडी फट ठेवायचे. उन्हाळ्यात रूळ त्या फटीत वाढायचा. चाक फटीवरून गेलं की खडाड-खट, खडाड-खट! आजोबांना विचार, त्यांना तो आवाज नक्की आठवत असेल.

आता रूळ एकमेकांना वितळजोड देऊन लांबच लांब केलेले असतात. फटच नाही! म्हणून गाडी गुळगुळीत पळते. पण रुळाला तर वाढायचं असतंच. मग त्याला चक्क धरून ठेवतात! खाली सिमेंट काँक्रीटचे स्लीपर. एकेक स्लीपर अडीच क्विंटलचा! प्रत्येक स्लीपरला रूळ लोखंडी क्लिपांनी घट्ट आवळलेला. आणि स्लीपर बसतात खडीत. ती खडी हातात घेतलीस तर टोचेल. गोल गुळगुळीत गोटे तिथे चालतच नाहीत, ते घरंगळतात. टोकदार खडी एकमेकींत अडकते आणि स्लीपरला हलू देत नाही.

आणखी एक युक्ती आहे. रूळ पक्का आवळतात तेव्हा तो ना फार गार असतो, ना फार तापलेला. मग त्याला उन्हाळ्यातही थोडंच सोसावं लागतं आणि हिवाळ्यातही थोडंच.

एवढं करूनही रेल्वे निर्धास्त राहत नाही. भर उन्हात, आपण कूलरसमोर बसतो तेव्हा, गँगमन काका रुळांच्या कडेने चालत जातात. रूळ कुठे वाकडा होतोय का, खडी कुठे सरकली आहे का, हे बघतात. गाडीतून ते दिसले की हात हलव!

पाचोरा! इथे एक चिमुकली गाडी होती. पाचोऱ्याहून जामनेरला जायची. सगळे तिला लाडाने पीजे म्हणायचे. आपल्या मेमूच्या दोन रुळांमध्ये 1676 मिलिमीटर अंतर असतं. पीजेच्या रुळांमध्ये किती होतं? फक्त 762! म्हणजे मेमूच्या रुळांच्या आत पीजेच्या दोन वाटा शेजारी शेजारी मावल्या असत्या! शंभरेक वर्षं ती धावली आणि 2020 मध्ये थांबली. आता तिथे रुंद रूळ टाकायचं ठरलं आहे. पीजेत बसलेलं कुणी ना कुणी तुझ्या नात्यात असेलच. त्यांच्याकडून तिच्या गोष्टी ऐकून घे, कारण आता त्या गोष्टी त्यांच्याकडेच आहेत.

गाळण, नगरदेवळा, कजगाव, वाघळी, आणि आलं चाळीसगाव! इथे आपण गाडी बदलू. कारण इथून धुळ्याला एक फाटा जातो. 1900 सालचा! आता त्यावरही मेमूच धावते. जामदा, राजमाने, शिरूड करत आपण पोचलो धुळ्याला.

आणि आता? पुढे रूळच संपले!

पूर्वी इथे केवढी खटपट असायची! इंजिन सोडवा, बाजूच्या रुळावरून पलीकडच्या टोकाला न्या, पुन्हा जोडा. मेमूचं काय? तिला वळवायला किती वेळ लागत असेल?

तिला वळवतच नाहीत! तिला दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. चालक काका पुढच्या खोलीतून बॅग घेऊन उतरतात आणि फलाटावरून मागच्या टोकाला चालू लागतात. मागचे गार्ड काका त्यांच्या जागी जायला निघतात. फलाटाच्या मधे कुठेतरी दोघांची गाठ पडते. मग मागच्या टोकाला पांढरा दिवा लागतो, पुढच्या टोकाला लाल. संपलं काम!

शेवटच्या डब्यात जागा मिळवून आलेली मंडळी आता जागची न हलता सगळ्यांत पुढे! वाजली बघ शिट्टी. चाळीसगाववाले, बसून घ्या!