विश्लेषण : कवटी न उघडता मेंदूवर ध्वनिलहरींचा उपाय? अल्ट्रासाउंडचे नवे तंत्र काय आहे?

पुण्याच्या बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रोजेक्टसाठी अल्ट्रासोनिक सेन्सर घेतात. हा सेन्सर माणसाला ऐकू न येणारा ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीवरून अंतर मोजतो. अशाच अतिउच्च ध्वनिलहरींनी मेंदूला चालना देण्याचे आणि त्याचे संकेत वाचण्याचे संशोधन सुरू आहे.

लहरी मेंदूपर्यंत कशा पोहोचतात?

पोटाच्या सोनोग्राफीत साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. कवटीचे हाड त्या बऱ्याच अंशी अडवते. त्यामुळे मेंदूसाठी बहुधा १ मेगाहर्ट्झहून कमी लहरी निवडतात. भिंगाने ऊन एका बिंदूवर आणावे, तशा त्या मेंदूत खोलवर काही मिलिमीटरच्या भागावर एकवटता येतात.

उपचार सुरू झाले आहेत का?

तीव्र लहरींचे उपचार सुरू आहेत. हात थरथरण्याच्या विकारात एमआरआयच्या मदतीने मेंदूतील अगदी छोटा भाग उष्णतेने निकामी केला जातो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये त्याला मंजुरी दिली. सौम्य लहरी मात्र पेशी न जाळता त्यांची क्रिया बदलतात. २०१० मध्ये उंदरांवर आणि २०१४ मध्ये माणसांवर याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. हे तंत्र अजून प्रामुख्याने संशोधनाच्याच टप्प्यावर आहे.

मनातली हालचाल यंत्राला कशी कळते?

मेंदूचा जो भाग काम करतो, तिथला रक्तप्रवाह वाढतो. हा बदल अल्ट्रासाउंड टिपते. अमेरिकेतील कॅलटेकच्या संशोधकांनी २०२१ मध्ये माकडाच्या मनातील हालचालीची दिशा आधीच ओळखून दाखवली. त्यासाठी कवटीला छोटी खिडकी पाडावी लागली. मेंदूत तार मात्र घालावी लागली नाही. रक्तप्रवाह बदलायला काही सेकंद लागत असल्याने विद्युत संकेत थेट टिपणाऱ्या तारांपेक्षा ही पद्धत संथ आहे.

घरी प्रयोग करता येईल का?

नाही. हवेतले अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या लहरी मेंदूपर्यंत पोहोचतच नाहीत. वैद्यकीय यंत्राची तीव्रता किंवा जागा चुकली, तर उष्णतेने इजा होऊ शकते. शिवाय गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. त्यामुळे नोंदणी नसलेल्यांना सोनोग्राफी यंत्र विकता येत नाही. सेन्सर कुणीही विकत घेऊ शकतो. मेंदूवरचे प्रयोग मात्र नैतिक समितीची परवानगी असलेल्या संस्थेतच व्हायला हवेत.