मॅनहोलचा तळ



काही वर्षांपूर्वी एका गावी ड्रेनेजचे काम चालले होते. तक्त्यात एका मॅनहोलची खोली १.४ मीटर लिहिली होती, म्हणून मुकादमाने फळ्या-टेकू आणले नव्हते. नळ जोडावयाच्या वेळी खड्डा २.२ मीटरपर्यंत न्यावा लागला आणि बाजूची माती ढासळली. आमच्या युनियनचा एक गडी कमरेपर्यंत गाडला गेला. जीव वाचला, पाय अधू झाला. चूक माती खणणाराची नव्हती, आकड्याची होती. म्हणून आम्ही तो आकडा कोठून येतो हे शिकून घेतले.

मॅनहोलला तीन पातळ्या असतात: झाकणाची, नळाच्या आतल्या तळाची आणि चेंबरच्या तळाची. मैलापाणी ढाळाने वाहते. २०० ला १ असा ढाळ दिला, तर ३० मीटरांत नळ १५ सेंटिमीटर उतरतो आणि ३०० मीटरांत दीड मीटर. रस्ता सपाट असला तरी १ मीटरचा खड्डा पुढे अडीच मीटरांचा होतो.

हा हिशेब आता संगणकावर होतो. ऑटोडेस्क कंपनीच्या 'सिव्हिल थ्रीडी'चेच उदाहरण घेऊ. पातळी चुकली की तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली, झाकण कोणत्या जमिनीला बांधले आहे? संगणकात जमिनीचा आराखडा असतो, त्यास 'सरफेस' म्हणतात. तो नेमलाच नसेल, तर झाकणाची पातळी भलतीच येते. जुन्या जमिनीचा नेमला आणि रस्ता भर घालून उंच करावयाचा असेल, तर झाकण डांबराखाली जाते.

दुसरी, 'ऑटोमॅटिक सरफेस ॲडजस्टमेंट' चालू आहे काय? बंद असेल, तर जमीन बदलली तरी झाकण जागचे हलत नाही. चालू असले तरी झाकणच हलते, नळ नव्हे. नळावरची माती आणि ढाळ यांचे नियम पुन्हा लावावे लागतात.

तिसरी, आणि आमच्या गड्याला भोवली ती हीच: तळ कशाने धरला आहे? 'कंट्रोल संप बाय' या ओळीत दोन पर्याय असतात. 'डेप्थ' निवडले, तर तळ सर्वांत खालच्या नळाच्या तळापासून मोजला जातो आणि नळाबरोबर उतरतो. 'एलेव्हेशन' निवडले, तर तो एका आकड्यावर खिळून राहतो. मागाहून नळ खाली नेला, तरी तक्ता जुनीच खोली छापतो. नळ तळाच्याही खाली गेलेला असतो, पण कागद मुकाट असतो.

एवढे झाल्यावर उभा छेद काढून नळ, तळ आणि झाकण एकत्र पाहावे. तिथे विसंगती डोळ्यांना दिसते.

ढाळ बिघडला की गाळ बसतो, गाळ बसला की गटार तुंबते, आणि मग कोणाला तरी आत उतरवले जाते. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटारात माणूस उतरवण्यास बंदी केली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. भरपाई मागण्याची वेळच येऊ नये, यासाठी आमचे मागणे साधे आहे. तक्त्यावर सही करणाराने खणणाराला एकदा विचारावे, "बाबा, इथे किती खोल जावे लागेल?" उत्तर आणि आकडा जुळले, तरच कुदळ उचलावी.