'शिरपाव' आणि 'शिरपेच' : एक शब्दविचार

'शिरपाव' हा शब्द संस्कृत 'शिरस्'पासून सिद्ध झाला असावा, असा समज रूपसाम्यामुळे सहज होतो. वस्तुतः तो फारसी 'सर-ओ-पा', म्हणजे 'मस्तक व पाय', यावरून आलेला आहे. दरबारात मानकऱ्यास आपादमस्तक पोशाख देण्यात येई. त्या पोशाखाची ही संज्ञा. पंजाबीत ती 'सिरोपा' या रूपात टिकली असून गुरुद्वारात सन्मानार्थ दिल्या जाणाऱ्या वस्त्रास आजही लावली जाते. मराठीने मात्र 'सर'चे 'शिर' केले. 'सरपेच'चा 'शिरपेच' झाला तोही याच रीतीने. परका शब्द ओळखीच्या साच्यात बसविणारी ही लोकव्युत्पत्ती होय. गंमत अशी की, येथे लोकांचा कान अगदीच चुकला असे म्हणता येत नाही. कारण फारसी 'सर' आणि संस्कृत 'शिरस्', तसेच 'पा' आणि 'पाद', ही एकाच भारत-इराणी मुळातून निघालेली भावंडे आहेत. तथापि सगोत्रता म्हणजे वंशक्रम नव्हे. 'शिरपाव' हा तद्भव नसून उसना शब्दच आहे, आणि कोशकाराने त्याची नोंद तशीच करावयास हवी. पोशाखाची चाल मागे पडल्यावर त्याचा अर्थ 'बक्षीस' एवढाच उरला. आणि शिरपेचातला मानाचा तुरा तर आता ज्याने जन्मात पागोटे बांधले नाही त्याच्याही वाट्यास येतो.